शोषखड्डा, बारा मिनिटं

२ नोव्हेंबर, रविवार

छत्तीस वर्षं मी सरकारी दौरा डायरी लिहिली. गाव, तारीख, दाखवलेला माहितीपट, उपस्थिती, प्रतिक्रिया, आणि खाली सरपंचाची सही. ही वही माझी स्वतःची आहे. हिच्यावर कोणाची सही लागणार नाही, तेव्हा मी हिच्यात वाटेल ते लिहिणार आहे.

आज इथल्या मराठी मंडळाची बैठक होती. १४ डिसेंबरला स्नेहसंमेलन. अध्यक्ष आल्हाद पांढरीपांडे, वय पन्नास, अधारतालच्या मुख्य रस्त्यावर चष्म्यांचं दुकान. तो म्हणाला, ज्येष्ठांनी एकेक उपक्रम घ्या. कोणी अंताक्षरी घेतली, कोणी झुणका-भाकरीचा स्टॉल. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "पाहायलाच हवेत असे दहा माहितीपट. यादी मी करतो, मोठ्या अक्षरांत फलकावर लावा. आणि पहिल्या क्रमांकाचा तिथेच दाखवू."

मग कोणीतरी विचारलं, माहितीपट म्हणजे सिनेमाच्या आधी लागायचे ते काय? आल्हाद घड्याळाकडे बघत म्हणाला, "चलो, ठीक है. ठोसरकाकांचं पण होऊन जाऊ द्या."

मी कोण आहे हे यांना माहीतच नाही. मी सरकारी प्रचार पथकाचा ऑपरेटर होतो. जीप, जनरेटर, सोळा मिलिमीटरचं मशीन आणि पांढरा पडदा. पनागरपासून बरगीच्या पलीकडच्या गावांपर्यंत हजारो खेळ केले. भोपाळहून पत्र्याचे डबे यायचे, त्यात असेल ते दाखवायचं. मलेरिया, सुधारित बियाणं, छोटं कुटुंब. कधीतरी चुकून एखादा अस्सल पट यायचा आणि मी मशीनपाशी उभ्या उभ्या पाघळून जायचो. पण छत्तीस वर्षांत एका माणसाने विचारलं नाही की श्रीरंग, तुला कोणता दाखवावासा वाटतो?

अजूनही कोणी विचारलेलं नाही. मीच सांगतो आहे.

घरी आल्यावर दीपा म्हणाली, "तुम्हाला काहून मधात बोलावं लागते?" बायको म्हणून तिला तेवढा हक्क आहे.

५ नोव्हेंबर

कसोटी ठरवली. माहितीपट बघून वर्ष झाल्यावर त्यातला एक तरी माणूस नावासकट आठवला पाहिजे. आठवला तर पट यादीत, नाही तर बाहेर. कितीही बक्षिसं मिळालेली असोत.

म्हणून दुसऱ्या क्रमांकाला रेल्वे फाटकाचा तो एकोणीस मिनिटांचा. फाटकवाला रामदुलारे. फाटक अकरा वेळा बंद होतं, लोक अकरा वेळा त्याला शिव्या घालतात. बाराव्या वेळी पलीकडे त्याची बायको डबा घेऊन उभी असते, आणि तो फाटक उघडत नाही. निवेदन नाही, वाद्यं नाहीत. मालगाडी जाते, बायको उभी, बस्स.

तिसरा विहीर खणणाऱ्या बाप-लेकांचा. कॅमेरा एकदाही वर येत नाही. पन्नास मिनिटं आपणही तळाशी, आणि वर परातीएवढं आकाश. पाणी लागतं तेव्हा सगळे ओरडतात, पण इरप्पाचा चेहरा पडतो, कारण काम संपलं.

चौथा लिफ्ट चालवणाऱ्या यशोदाचा. अख्खा पट लिफ्टच्या आत. खाली जाताना लोक बोलतात, वर जाताना गप्प असतात. हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. आता लिफ्टमध्ये शिरलो की मी मोजतो.

हर्षाने हे सगळे मोबाइलवर शोधून दिले. हर्षा माझी मुलगी, रेल्वेच्या कचेरीत आहे. मराठी समजते सगळी, बोलताना अर्ध्यात गाडी हिंदीच्या रुळावर जाते. कर्णबधिर मुलांच्या नाटकाच्या तालमीवरचा सातवा बघताना तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, ये तो सही में अच्छा है." म्हणजे मी निवड करू शकतो.

दीपाला बोलावलं नाही, तिची मालिका चालू होती. तिने आयुष्यात माझा एकही खेळ पाहिलेला नाही. एकेकाला आवड नसते, काय करणार.

९ नोव्हेंबर

यादी घेऊन आल्हादच्या दुकानात गेलो. त्याने ती काउंटरवरच वाचली आणि पहिल्याच ओळीवर अडकला.

"काका, शोषखड्डा? म्हणजे वो पानी वाला गड्ढा?"

"तोच. सांडपाणी जिरवण्याचा. बारा मिनिटं, कृष्णधवल."

"पहिल्या नंबरवर?"

मी शांतपणे समजावलं. हा पट सेमरघाट नावाच्या गावातच काढलेला. दिल्लीहून तिघे आले होते. पुढे त्याच गावात मी तो सात वेळा दाखवला आणि सातही वेळा लोकांनी परत लावायला लावला. दुसऱ्या कुठल्याही पटाचं असं झालं नाही. प्रेक्षकांची मागणी ही शेवटची कसोटी असते, आणि ती माझ्याकडे कागदावर आहे.

"पर काका, लोक हसून राहतील. वाघाचा टाका ना एखादा. मध्य प्रदेशात राहून राहिलो आपण, आणि यादीत एक वाघ नाही?"

"वाघाला शिफारस लागत नाही," मी म्हटलं. "वाघ लोक न सांगता बघतात."

"आणि हा भेटते कुठे बघाले? मोबाइलवर तर नसणार."

"माझ्याकडे आहे."

बोलून गेलो. इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं नव्हतं. पथक बंद झालं तेव्हा हुकूम आला होता की जुनी रिळं नष्ट करा आणि नोंदवहीत तसं लिहा. मी सगळी केली, एक सोडून. त्याच्यापुढे 'नष्ट केले' लिहिलं आणि डबा पिशवीतून घरी आणला. मशीन पुढे लिलावात भंगार म्हणून रीतसर घेतलं, ते वेगळं. छत्तीस वर्षांत सरकारी कागदावर मी लिहिलेलं हे एकच खोटं. त्याची मला लाज नाही.

१० नोव्हेंबर

वाघ म्हणे!

१३ नोव्हेंबर

दिवाळीपासून स्वयंपाकघरात आंबूस वास येतो आहे. दीपाने कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या टाकून दिल्या. दुसऱ्या वेळी मी म्हणालो होतो की मीठ कमी पडलं असेल, आता तुझा हात पहिल्यासारखा राहिला नाही. तिने बरणी धुऊन उन्हात ठेवली.

आज रीळ तपासायला माळ्यावरून डबा काढला. झाकण उघडलं आणि सिरक्यासारखा आंबट भपकारा नाकात गेला. वास लोणच्याचा नव्हताच, रिळाचा होता.

म्हणजे दोन बरण्या नाहक गेल्या. दीपाला सांगितलं नाही अजून. उद्या सांगीन.

१४ नोव्हेंबर

हर्षाने शोधलं. जुन्या फिल्मला हा रोगच होतो. "वास यायला लागला म्हणजे ती मरून राहिली आहे, बाबा." फिल्म आक्रसते, कडक होते, तुटते. कडेची भोकं आता मशीनच्या दातांना नीट जुळत नाहीत. जिथे अशा फिल्मची नक्कल करतात तिथे तिने विचारलं, तर आठ महिने थांबा म्हणाले. तिच्या मते फिल्म एकदा चालेल, फार तर दोनदा. कदाचित एकदाही नाही.

"मग चौदा तारखेलाच चालवतो," मी म्हटलं. "सगळ्यांच्या तोंडावर."

"पण त्यांच्यासाठी काहून? वो तो हँसेंगे."

"हसू दे. सात वेळा परत लावायला लावला होता लोकांनी."

दीपा स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "म्हणजे लोणचं चांगलं होतं." मी पेपर वाचत होतो.

१७ नोव्हेंबर

मंडळाचं पत्र आलं, शिक्क्यासकट. 'पहिल्या क्रमांकावर सर्वांना रुचेल असा माहितीपट सुचवावा. तांत्रिक कारणास्तव प्रत्यक्ष खेळ रद्द करण्यात येत आहे.' तांत्रिक कारण! तंत्राचा त या लोकांना माहीत नाही, आणि माझ्यापुढे तांत्रिक कारण!

जुन्या दौरा डायऱ्या काढून बसलो. सेमरघाटच्या सातही नोंदी सापडल्या. शेवटचे तीन खेळ तर एकाच महिन्यातले, मे महिन्यातले. गावाने अर्ज करून बोलावलं होतं. अंगठ्यांचे ठसे असलेला तो अर्ज अजून पानाला चिकटलेला आहे. शेवटच्या खेळाला उपस्थिती ३१०, सगळ्यांत जास्त. बायका तान्ही मुलं घेऊन आल्या होत्या. स्वच्छतेची जाणीव कशी वाढत गेली होती बघा. त्याच पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं आणि सेमरघाट माझ्या दौऱ्याच्या यादीतून कमी झालं.

एक गोष्ट अहवालात टाळली होती, ती इथे लिहितो. सात खेळ होऊनही गावात एकाही घराने खड्डा खणला नाही.

प्रतिक्रियेच्या रकान्यात सातही वेळा 'उत्तम'. तसं मी सगळ्याच गावांना 'उत्तम' लिहायचो. पद्धतच होती. दुसरं काही लिहिलं की वरून पत्र यायचं.

ठरवलं. धरणाकाठच्या बरगीला जातो, सेमरघाटची माणसं शोधतो आणि दहा सह्या आणून आल्हादच्या काउंटरवर ठेवतो.

२० नोव्हेंबर

बसने बरगीला गेलो. 'आम्ही हा माहितीपट पाहिला असून तो अत्यंत उपयुक्त होता' असा मजकूर घरूनच लिहून नेला होता, खाली दहा रेघा मारून. चहाच्या टपरीवर सेमरघाटचं कोणी आहे का विचारलं. त्यांनी पाण्याकाठी जाळं दुरुस्त करत बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. नथ्थू. पन्नाशीला आलेला, मासेमारी करतो.

मी नाव सांगितलं, त्याला कळलं नाही. मशीन म्हटल्यावर मात्र तो ताडकन उठला.

"मसीन वाले भैया! वो फिलम है आपके पास? जिसमें हमारी अम्मा है?"

अम्मा? मला आठवेना. मला खड्ड्याची मापं आठवत होती, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. मग लक्षात आलं. दुसऱ्या मिनिटाला एक बाई दारातून खरकटं पाणी गल्लीत फेकते आणि निवेदक म्हणतो, 'यह देखिए, अज्ञानता का एक उदाहरण.'

"ती?" मी विचारलं.

"वही. सुमरती बाई."

मी विचारलं, आहेत का अजून? तो म्हणाला, नाही, गाव सुटल्यावर दुसऱ्या वर्षी गेली. फोटो? "फोटो कहाँ था भैया. जो था, आपके डिब्बे में था."

चाळीस वर्षांनी प्रेक्षकाला पटातलं पात्र नावासकट आठवतं, याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं! मी कागद पुढे केला. त्याने न वाचता सही केली आणि विचारलं, "कब दिखाओगे?"

मी चौदा तारखेचं सांगितलं, अधारतालला, मंडळात. तो खेळ रद्द झाला आहे हे सांगितलं नाही, कारण मी तो रद्द मानलेला नाही.

"हम सब आ जाएँ? चालीस-पचास जने होंगे."

मी म्हटलं, ते सभासदांचं संमेलन आहे, पास लागतो. त्याने मान डोलावली.

मग म्हणाला, चला, गाव दाखवतो. मला वाटलं नवी वस्ती दाखवणार, तर त्याने मला नावेत बसवलं. बरंच आत गेल्यावर वल्हं थांबवलं. चहूकडे नुसतं पाणी. "यहाँ," तो म्हणाला. "कुएँ के ऊपर हैं हम लोग." मला पोहता येत नाही, म्हणून मी दोन्ही हातांनी नावेची कड धरून बसलो होतो. परत काठाला लागेपर्यंत जिवात जीव नव्हता.

सही एकच मिळाली. बाकीचे कामावर होते.

२३ नोव्हेंबर

आज रविवार. हर्षाने जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली ट्यूबलाइट ठेवली. म्हणाली, मशीनवर चढवायच्या आधी निदान थोडी चित्रं मोबाइलवर काढून ठेवू. माझी बोटं थरथरतात, म्हणून रीळ फिरवायला दीपा बसली. नाकाला पदर लावून, हळूहळू, शेवया हाताळाव्यात तशी.

दुसरं मिनिट आलं. बाई दारात, हातात घमेलं. मागे गल्ली, चार घरं, कडुनिंब, विहीर, उघडानागडा एक पोरगा. मी हा पट पन्नासएक वेळा चालवला असेन, पण त्या बाईच्या मागे काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं. माझं लक्ष मशीनकडे असायचं.

"हसून राहिली आहे ही," दीपा म्हणाली.

खरंच. पाणी फेकून झाल्यावर बाई कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. बरोबर जमलं का, असं विचारल्यासारखी.

"हिला सांगितलं असेल त्यांनी, फेक म्हणून. बिचारीनं सांगितलं तसं केलं, आणि वरून तिलाच अडाणी म्हटलं." दीपाने आणखी वीतभर रीळ सरकवलं. मग वर न बघता म्हणाली, "एक विचारू? गाव बुडून राहिलं होतं ना? मग सात वेळा खड्डा पाहाले कोण बोलावते हो?"

मला संताप आला. मी चप्पल घालून बाहेर पडलो, मुख्य रस्त्याने दोनदा इकडून तिकडे चाललो. आल्हादचं दुकान बंद होतं हे बरं झालं, नाही तर त्याच्याशी भांडलो असतो.

परत आलो तेव्हा टेबलावर दौरा डायरी तशीच उघडी होती. मे महिना, अंगठ्यांचा अर्ज, उपस्थिती ३१०. गाव सोडायच्या नोटिसा तेव्हा येऊन गेल्या असणार. दुसऱ्या मिनिटाला दर वेळी जो गलका व्हायचा, त्याला मी अज्ञानावर हसणं समजत होतो. ती माणसं आपलं घर बघत होती, आपल्या माणसांना बघत होती. आणि माझ्या मशीनमधून एक आवाज त्यांना अडाणी म्हणत होता. मी तो मोठा करायचो, मागच्यांना ऐकू जावा म्हणून.

आणि तीन दिवसांपूर्वी मी त्या माणसाकडे पास मागितला.

सरकारी कागदावर एकच खोटं लिहिलं, असं मी या वहीत लिहून ठेवलं आहे. ते खोडणार नाही. पण ते चूक आहे. सातही 'उत्तम' खोटे होते, आणि बाकीच्या गावांचे किती, देव जाणे. मला लाज वाटते आहे.

झोपण्यापूर्वी दीपाला सांगितलं, "लोणच्यात खोट नव्हती. वास रिळाचा होता."

"दहा दिवसांपासून माहीत आहे मला," ती म्हणाली.

"मग परत बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता, ते पाहून राहिले होते."

२४ नोव्हेंबर

चाळीस चित्रं नीट निघाली आहेत. हर्षाने सगळी मोठी करून कागदावर काढून आणली.

खेळ मंडळात होणार नाही. आल्हादने पायघड्या घातल्या तरी होणार नाही. पण यादीतला पहिला क्रमांक हलणार नाही. काल मला वाटलं होतं हलवावा, कारण माझ्याच कसोटीला तो उतरत नव्हता. त्यातल्या कोणाचं नाव यादी करताना मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

६ डिसेंबर, शनिवार

बरगी. भाड्याची गाडी केली. मशीन, वायरी, शेवटचा शिल्लक दिवा, चाळीस चित्रं. पडदा विसरलो! छत्तीस वर्षं तो जीपमध्येच असायचा, त्यामुळे घेण्याची सवयच नाही. अर्ध्या वाटेत आठवलं आणि मी कपाळावर हात मारला. दीपाने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. आत पांढरी चादर होती, चार कोपऱ्यांना नाड्या शिवलेली.

हो, दीपा आली होती. सकाळी विचारलं, "येतेस का?" ती म्हणाली, "लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, आज विचारलं." आणि पाच मिनिटांत तयार. नाड्या त्याआधीच शिवून झाल्या होत्या, हे मला गाडीत कळलं.

दिवस लवकर मावळतो आता. सहाला अंधार पडला. नथ्थूच्या वस्तीत दोन खांबांना चादर बांधली. साठेक माणसं जमली. म्हाताऱ्या पुढे सतरंजीवर, आणि त्यांच्यात दीपा. मी नथ्थूला आधीच सांगून ठेवलं, फिल्म आजारी आहे, कधीही तुटेल. पासाबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "चलाओ भैया."

मशीन सुरू केलं. खडखड फार, पण दात लागले. पहिल्या मिनिटात मंत्रालयाचं चिन्ह, नदी, बैलगाडी. मग सेमरघाटची गल्ली आली आणि सुमरती बाई दारात आली. आवाजाच्या खटक्यावर माझं बोट होतं. नोकरीत एक नियम होता: चित्र हललं तर चालेल, रीळ तुटलं तर जोडा, पण निवेदन कधीही बंद करायचं नाही. ते सरकारचं म्हणणं आहे.

'यह देखिए,' एवढं निवेदक म्हणाला आणि मी खटका बंद केला. पुढचं त्याला बोलू दिलं नाही. छत्तीस वर्षं बोलला, पुरे झालं.

मग लोक बोलू लागले. एकेक घर आलं की एकेक नाव. "जे रमकू को घर." "नीम, नीम देखो." त्या उघड्या पोराला बघून साठ माणसं एकदम ओरडली, "नथ्थू!" आणि पन्नाशीचा नथ्थू लाजला. एक म्हातारी उठून पडद्यापाशी गेली आणि विहिरीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या पाठीवर अर्धं गाव दिसत होतं. कोणी तिला बस म्हटलं नाही.

सहाव्या मिनिटाला, निवेदक मापं सांगायला घेणार त्याच जागी, रीळ तुटलं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद कधी आलंच नाही. एकानेही विचारलं नाही की खड्ड्याचं पुढे काय झालं.

"फिर से," नथ्थू म्हणाला.

आठव्यांदा. मी जोडलं, परत लावलं. या वेळी चौथ्या मिनिटाला तुटलं. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर रिळाचे हातातच तुकडे झाले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हर्षाने चित्रं वाटली. सुमरती बाईचं हसणारं चित्र नथ्थूने दोन्ही हातांत धरलं, मग सदऱ्यात ठेवलं, मग परत काढून बघितलं.

निघताना मी ही वही उघडून त्याच्यापुढे धरली. म्हटलं, प्रतिक्रिया तू लिही, मी नाही लिहिणार. त्याने पेन घेतला, बराच वेळ घेतला, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. घरी येऊन वाचलं.

गाडीत दीपा म्हणाली, "चांगला होता खेळ. आवाज बंद केला ते बरं केलं." त्रेचाळीस वर्षांत मिळालेली पहिली प्रतिक्रिया. नोंद केली.

१४ डिसेंबर, रविवार

स्नेहसंमेलन. दारातच फलक, रंगीत, चकचकीत. 'पाहायलाच हवेत असे दहा माहितीपट. निवड: श्री. श्रीरंग ठोसर.' नाव माझं, आणि पहिल्या क्रमांकावर वाघ. शेजारी वाघाचं चित्रसुद्धा.

दीपाने पिशवीतून खळीची वाटी काढली. मला माहीत होतं मंडळवाले असंच काही करणार, म्हणून मी घरूनच कागद लिहून आणला होता, वाघाच्या मापापेक्षा जरा मोठा. हर्षाने स्टूल धरलं. मी चढलो, सगळ्या मंडळादेखत.

आल्हाद धावत आला. "काका, हे काय करून राहिले तुम्ही? फलक मंडळाचा आहे!"

"फलक मंडळाचा, निवड माझी. माझं नाव पुसा, मग वाघ लावा, सिंह लावा."

"अरे, पण लोकांना बघाले तर भेटला पाहिजे ना! हा कुठे भेटते?"

"कुठेच नाही आता. तुकडे झाले त्याचे." मी कागदाचा वरचा कोपरा दाबून बसवला. "पण बरगीला साठ माणसांना तोंडपाठ आहे. जा, ते सांगतील."

मागे झुणका-भाकरीची रांग थांबली होती. कोणी हसलं का? हसले दोघे-तिघे. मग पुढे येऊन वाचायला लागले, आणि वाचून झाल्यावर तिथेच उभे राहिले. आल्हादने खिशातला चष्मा काढून लावला. कागद कोणी फाडला नाही. उद्या फाडतील, तर परवा मी दुसरा लावीन. खळ भरपूर आहे.

कागदावरचा मजकूर इथे उतरवून ठेवतो.

१. शोषखड्डा. बारा मिनिटं, कृष्णधवल.
लक्षात राहणारी व्यक्ती: सुमरती बाई, सेमरघाट.
प्रतिक्रिया, प्रेक्षकाच्याच शब्दांत: फिलम बेकार। अम्मा बढ़िया। फिर से दिखाना।